काळ्या मोहऱ्यांचे सुवर्ण

१/ बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची. म्हणूनच काळ्याने आधी डाव सावरावा आणि मग विजयाचा विचार करावा, असा जुना संकेत आहे. भारताने ऑलिम्पियाडचे खुल्या गटातील पहिले सुवर्णपदक जिंकले, त्या दिवशी हा संकेत उलटा फिरला.

२/ सांघिक सामना चार पटांवर होतो. एका संघाला पहिल्या व तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी मिळतात, दुसऱ्याला दुसऱ्या व चौथ्या पटावर. विजयाला २ गुण, बरोबरीला १. साहजिकच रूढ डावपेच असा : पांढऱ्याने जिंकायचे, काळ्याने राखायचे.

३/ १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते रामचंद्र सप्रे १९५६ मध्ये मॉस्को ऑलिम्पियाडला भारताकडून खेळले. त्यानंतर खुल्या गटातील पहिल्या पदकासाठी २०१४ उजाडले, तेही कांस्य. २०२२ मध्ये चेन्नईत सुवर्ण दृष्टिपथात असताना दहाव्या फेरीत गुकेश जिंकत आलेला डाव अब्दुसत्तोरोव्हविरुद्ध हरला आणि पुन्हा कांस्यावर समाधान मानावे लागले.

४/ बुडापेस्ट, २२ सप्टेंबर २०२४. अखेरची फेरी, समोर स्लोव्हेनिया. भारताचे १९ गुण, चीनचे १७. भारत हरला आणि चीन जिंकला, तर दोघे समान गुणांवर येणार होते. गुकेश आणि अर्जुन एरिगैसी या दोघांच्याही वाट्याला काळी मोहरी आली होती.

५/ अर्जुनने यान शुबेल्यविरुद्ध ‘सेंटर काउंटर’ बचाव निवडला. त्यात काळा पहिल्याच चालीत वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलून पांढऱ्याच्या प्याद्याला आव्हान देतो. अर्जुन जिंकला. पहिल्या पटावर गुकेशने व्लादिमीर फेदोसेयेव्हला दीर्घ झुंजीनंतर नमवले. प्रज्ञानंदने पांढऱ्याने विजय मिळवला. नाशिकच्या विदित गुजराथीने चौथ्या पटावर बरोबरी साधली. निकाल ३.५–०.५.

६/ त्याच दिवशी पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्या नेतृत्वाखाली महिला संघानेही अझरबैजानला ३.५–०.५ असे हरवून सुवर्ण पटकावले. नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर ११ पैकी ९.५ गुणांसह वैयक्तिक सुवर्णही मिळवले.

७/ स्लोव्हेनियाविरुद्ध भारताने काळ्याने खेळलेले दोन्ही डाव जिंकले आणि अर्धा गुण गमावला तो पांढऱ्याने. आघाडीवर असलेल्या संघाला त्या दिवशी नुसता बचाव करूनही भागले असते. त्याने तो केला नाही, हेच या सुवर्णाचे मोल.