जखमेवरचे मीठ आणि अंगावरचे उटणे

मराठीत मीठ चोळतात ते जखमेवर. उर्दूत तेच मीठ जखमेवर ‘छिडकतात’, म्हणजे शिंपडतात. दोन्ही भाषांनी मिठाचा आणि कातडीचा संबंध वेदनेशी जोडून ठेवला आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे आणि मराठीत लिहिणारे, त्यामुळे अशी जुळी वाक्ये आम्हाला रोज भेटतात. असे असताना आता ‘सॉल्ट स्क्रब’ नावाच्या बरण्या दुकानांतून विकल्या जातात. मीठ, तेल आणि सुगंध यांचे ते मिश्रण अंगाला चोळायचे, म्हणजे कातडी मऊ होते आणि ‘उजळते’, असे बरणीवर लिहिलेले असते. शाळेतल्या वरच्या वर्गातील मुली विचारतात, आपल्याकडे पूर्वी असे काही होते का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्वयंपाकघरापासून सरकारी तिजोरीपर्यंतचा इतिहास समोर येतो. तो येथे थोडक्यात मांडतो.

आमचे पणदरे हे बारामती तालुक्यातील, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे गाव. समुद्र येथून फार लांब. तरीही मीठ आम्हाला परके नाही, कारण ते आमच्या जमिनीतूनच वर येते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर या भागासाठी कालवा काढण्यात आला आणि १८८५ पासून त्याचे पाणी फिरू लागले. पाणी आले, ऊस आला. पण काळ्या, खोल जमिनीत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पाण्याची पातळी वर चढली, जमिनीतले क्षार त्याबरोबर वर आले आणि शेतावर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. म्हणजे क्षारपड हा आमच्या भागाचा शंभर वर्षांहून जुना आजार आहे. अशा जमिनीतल्या विहिरीचे पाणी जड असते. त्यात साबणाचा फेस होत नाही, अंग चिकट राहते. तेथे पीठ किंवा माती लावून अंग चोळणे ही हौस नसते, गरज असते.

पण त्या चोळण्यात मीठ नव्हते. होते ते उटणे.

‘उटणे’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ या शब्दापासून आला. हिंदी-उर्दूतला ‘उबटन’ही त्याच घरचा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत दिनचर्या सांगताना उद्वर्तनाला जागा दिली आहे. दख्खनच्या मुसलमानांत यालाच ‘चिकसा’ म्हणतात. लग्नाच्या हळदीत नवरा-नवरीला चिकसा लावण्याची रीत आजही आहे. जाफर शरीफ या दख्खनी लेखकाने लिहिलेला आणि डॉ. हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणलेला ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ १८३२ साली लंडनहून निघाला. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींच्या या नोंदीत हळदीचा विधी आहे आणि चिकसाही आहे. शेजारच्या हिंदू घरात दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उटणे लागते. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन यांच्या पुड्या दोन्ही घरांत काष्ठौषधीच्या एकाच दुकानातून येतात. एका घरात त्यांचा चिकसा होतो, दुसऱ्या घरात उटणे.

या पुड्यांत खरे काम करते ते पीठ. हरभऱ्याची किंवा मसुराची डाळ जाडसर दळली की तिचे कण कातडीवरचा मळ खरवडतात, आणि पीठ तेल शोषून घेते. आधी तेल, मग पीठ, मग ऊन पाणी, हा क्रम आपल्या आजी-नानींना पाठ होता. टाचांसाठी वजरी होती. चोळण्याचे शास्त्र आपल्याकडे पुरेपूर होते, एवढे यावरून दिसते.

त्या शास्त्राला दुसरा प्रवाह येऊन मिळाला तो हमामाचा. युनानी वैद्यकात ‘दलक’ म्हणजे अंग चोळणे हा उपचाराचा एक प्रकार आहे. त्यात हलके, जोराचे, तेलाचे आणि खरखरीत कापडाचे असे भेद सांगितले आहेत. खरखरीत कापडाने चोळण्याला ‘दलक-ए-खशिन’ म्हणतात. हमामात आधी वाफेने अंग मऊ करायचे आणि मग चोळणारा ‘दल्लाक’ हातात जाड कापडाची पिशवी घालून मळाच्या वळ्या काढणार. त्या पिशवीला ‘कीसा’ म्हणतात. मराठीतला आपला ‘खिसा’ याच शब्दातून आला आहे. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मोगलकालीन हमाम आजही पाहायला मिळतो. त्याच्या छतावर रंगकामाच्या खुणा शिल्लक आहेत. मुमताज महलचा मृत्यू १६३१ साली याच शहरात झाला. मराठी घरात न्हाणीघराला ‘हमामखाना’ म्हणत, आणि पुढे टाटांच्या तेलगिरणीने काढलेल्या साबणाचे नावही ‘हमाम’च ठेवले गेले.

हीच विद्या एका हिंदी मुसलमानाने विलायतेला नेली. शेख दीन मुहम्मद हे १७५९ साली पाटण्यात जन्मले, कंपनीच्या फौजेत राहिले आणि नंतर आयर्लंडला गेले. १७९४ साली त्यांनी इंग्रजीत आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. पुढे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचे स्नानगृह काढले. तेथे ते अंग दाबून, चोळून देत. आपल्या ‘चंपी’चा तेथे ‘शॅम्पू’ झाला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपला शॅम्पू-सर्जन नेमले. १८२२ साली त्यांनी या उपचारावर पुस्तकही लिहिले. म्हणजे आज परदेशी नावाने परत येणाऱ्या अनेक बरण्यांची मूळ विद्या येथूनच गेलेली आहे.

आता मूळ प्रश्न. चोळण्याची एवढी विद्या असताना दख्खनच्या उटण्यात मिठाला जागा का मिळाली नाही? मीठ झोंबते, हे एक कारण उघड आहे. दुसरे कारण, आमच्या मते, त्याच्या किमतीत आहे.

देशावर मीठ पिकत नव्हते. ते कोकणच्या आगरांतून बैलांच्या पाठीवर गोणी लादून घाट चढून येई. वाटेत ठिकठिकाणी जकात असे. मीठ ही राज्याच्या उत्पन्नाची मोठी बाब होती, हे शिवाजी महाराजांच्या एका पत्रावरून कळते. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले, तेव्हा आपल्या मुलखातील मीठ पडून राहू नये म्हणून त्यावर जबर जकात बसवण्याची आज्ञा त्यांनी १६७१ साली कुडाळच्या अधिकाऱ्याला, नरहरी आनंदराव यांना, दिली. आगर चालवणाऱ्या रयतेचा विचार करणारा तो निर्णय होता.

इंग्रजांच्या काळात मात्र कर थेट खाणाऱ्याच्या ताटावर बसला. परवान्याशिवाय मीठ तयार करणे हा गुन्हा ठरला. १८९० चा मुंबई मीठ कायदा त्यासाठीच होता. १८८८ साली मणामागे कर अडीच रुपये करण्यात आला. मिठाच्या मूळ किमतीच्या कित्येक पट हा कर होता. नामदार गोखल्यांनी १९०२ सालच्या अर्थसंकल्पावरील भाषणात या करावर टीका केली. १९०३ साली तो दोन रुपयांवर आणि १९०७ साली एक रुपयावर आला. १९२३ साली तो पुन्हा अडीच रुपये झाला आणि पुढच्याच वर्षी खाली आणावा लागला.

मग १९३० साल उजाडले. १२ मे रोजी शिरोड्याला सत्याग्रह झाला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांच्या झुंडी गेल्या. धारासणेला निघालेले वृद्ध अब्बास तय्यबजी यांना वाटेतच अटक झाली. २१ मे रोजी तेथे जे सत्याग्रही लाठ्या खात पुढे गेले, त्यांच्या नेतृत्वात सरोजिनी नायडूंबरोबर इमामसाहेब बावझीर होते. आणि हा कर अखेर रद्द केला तो १९४७ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या अर्थसंकल्पात. तो मांडणारे अर्थमंत्री होते लियाकत अली खान. मिठाच्या लढ्याचा इतिहास शिकवताना ही नावे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

ज्या घरात मीठ असे मोजून येत होते, तेथे ते अंगाला चोळून मोरीत सोडून देणे कोणाला सुचले असते? उलट, सांडलेले मीठ कयामतच्या दिवशी पापण्यांनी उचलावे लागेल, असे आमच्या घरांत मुलांना बजावत. हिंदू घरांतही पापणीने मीठ उचलण्याचा हाच धाक होता. खाल्ल्या मिठाला जागावे, मीठभाकर गोड मानावी, नमकहराम होऊ नये, ही सारी भाषा मिठाची किंमत जाणणाऱ्यांची आहे. मिठाचा अंगाशी संबंध आला तो औषधापुरता. दुखऱ्या पायांना ऊन पाण्यात मीठ, हिरड्यांना मीठ-तेल, घशाला मिठाच्या गुळण्या. तेवढे मीठ परवडत होते.

एका वर्गाच्या अंगाला मात्र मीठ रोज लागत होते. मिठागरात राबणाऱ्यांच्या. कोकणातील आगरी समाजाचे नावच आगरावरून पडले आहे. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभे राहून पाय भेगाळतात, हातांना घट्टे पडतात, बारीक जखम झाली तरी ती चिघळत राहते. ‘जखमेवर मीठ’ हा त्यांच्यासाठी वाक्प्रचार नाही. बरणीतले मीठ कातडी मऊ करते असे वाचताना, ते मीठ गोळा करणाऱ्याची कातडी कशी असते हेही मुलींना ठाऊक असावे.

१९८३ साली टाटांचे पुडीतले मीठ बाजारात आले. आता मीठ किराणा मालातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. त्यामुळे कोणी ते अंगाला लावले तर आम्ही त्याला पाप म्हणणार नाही. पण मग ते नीट समजून करावे आणि पैसेही वाचवावेत. दोन वाट्या बारीक मिठाला एक वाटी खोबरेल किंवा तिळाचे तेल पुरते. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून कण जसेच्या तसे राहतात; पाणी लागले की ते विरघळून धुऊन जातात. सारी युक्ती एवढीच आहे. जाडे मीठ धारदार असते, ते फक्त टाचांना. अंग ओले करून हलक्या हाताने चोळावे, कोमट पाण्याने धुवावे, आणि आठवड्यातून एकदा पुरे. चेहरा, कापलेली किंवा खरचटलेली जागा, केस काढलेली कातडी, इसब यांपासून मीठ दूर ठेवावे. मधुमेह असणाऱ्यांनी पायांवर हा प्रयोग करूच नये. तेलाने मोरी निसरडी होते, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी घ्यावी.

साठवणीचे नियम तर आपल्या आजीने मिठासाठी पाळलेलेच आहेत. मीठ हवेतले पाणी ओढते आणि लोखंड-पत्र्याला गंज आणते, म्हणून ते मडक्यात किंवा चिनीमातीच्या बरणीत असे आणि ओला हात त्यात घालू देत नसत. येथेही काचेची कोरडी बरणी, कोरडा चमचा, आणि न्हाणीघराच्या वाफेपासून लांब जागा. तेल खवट होते, म्हणून थोडेच करावे व काही आठवड्यांत संपवावे. त्यात लिंबाचा रस, पाणी किंवा ओला पाला घालू नये, मिश्रण बिघडते. लिंबाचा रस अंगावर राहून उन्हात गेले, तर डाग आणि फोड येतात.

लिंबाचा उल्लेख मुद्दाम केला. मुली मिठात लिंबू पिळतात ते मळ काढण्यासाठी नव्हे, रंग काढण्यासाठी. सावळ्या मुलीच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली की तिच्या अंगावर काय काय चोळले जाते, हे कोणापासून लपलेले नाही. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ काढले. आमच्या समाजाच्या बोलण्यातून तो शब्द अजून गेलेला नाही. कातडीचा रंग मेलॅनिनमुळे ठरतो, आणि ते बाह्यत्वचेच्या तळच्या थरात तयार होते. मीठ, पीठ किंवा वजरी वरच्या मेलेल्या पेशी तेवढ्या काढते. तळापर्यंत पोहोचायचे, तर जखमच करावी लागेल.

चिकसा नवरीबरोबर नवऱ्यालाही लागतो. गोऱ्यालाही लागतो आणि सावळ्यालाही. लावणाऱ्या बायका गाणी म्हणतात, एकमेकींच्या गालाला उरलेला चिकसा फासतात. त्या सोहळ्यात कोणाचा रंग बदलायचा हेतू नसतो. सगळ्यांना एकाच रंगात माखून घ्यायचे असते. आपल्या मुलींना तेवढे उटणे द्यावे. मीठ त्यांच्या ताटात असू द्यावे.