सूक्ष्मप्रक्रियक, अल्पमोली

मेजावरील संगणकाची किंमत मर्यादेत राहावी म्हणून पूर्ण क्षमतेच्या सूक्ष्मप्रक्रियकातील एखादे अंग कमी किंवा बंद करून विकल्या जाणाऱ्या प्रक्रियकास ही संज्ञा लावता येईल. कोणते अंग कमी केले, यावर त्याचे खरे मूल्य ठरते. वेष्टनावर ठळक छापलेली वारंवारता पुष्कळदा दिशाभूल करते.

इंटेल ८०८८ (१९७९) हा याचा आरंभीचा महत्त्वाचा दाखला होय. ८०८६ प्रमाणे (१९७८) त्याची अंतर्रचना १६ बिटांची होती; बाह्य माहितीमार्ग मात्र ८ बिटांचा ठेवल्याने स्वस्त पूरक मंडले वापरता आली. आयबीएमने १९८१ मध्ये वैयक्तिक संगणकासाठी हाच प्रक्रियक निवडला. पुढे ८०४८६ एसएक्समध्ये (१९९१) गणिती सहप्रक्रियकाचा लाभ काढून घेण्यात आला. पत्रव्यवहार करणाऱ्यास ही उणीव जाणवत नसे. अभियांत्रिकी आरेखन करणाऱ्यास ती तत्काळ जाणवे.

सर्वांत बोधप्रद इतिहास सेलेरॉनचा आहे. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या २६६ मेगॅहर्ट्‌झच्या पहिल्या सेलेरॉनमधून पेंटियम-२ मधील ५१२ किलोबाइट दुय्यम कॅशे स्मृती संपूर्ण वगळली होती. परिणामी प्रक्रियकास वारंवार मंद मुख्य स्मृतीकडे जावे लागे आणि कार्यालयीन कामांत तो मागे पडे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ३००ए या प्रकारात केवळ १२८ किलोबाइट कॅशे होती. परंतु ती त्याच सिलिकॉन चकतीवर असून प्रक्रियकाच्या पूर्ण गतीने चाले, तर पेंटियम-२ मधील कॅशे निम्म्या गतीने. त्यामुळे हा स्वस्त प्रक्रियक अनेक कामांत महागड्या भावंडाच्या बरोबरीस आला.

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे बीड, अंबाजोगाई, परळी यांसारख्या गावीही एकाच वेळी अनेक संगणक घेण्याचा प्रश्न उभा राहिला. शासकीय नोकरीच्या आशेने भरलेल्या शुल्कातूनच यंत्रांचा खर्च निघावयाचा. कोरडवाहू शेतकरी व ऊसतोड मजूर यांच्या जिल्ह्यात ते शुल्क हलके नव्हते. येथे विजेचाही हिशेब येतो. परळीस औष्णिक वीजकेंद्र असूनही २००५ च्या सुमारास राज्यातील भारनियमनापासून या भागाची सुटका नव्हती. प्रेस्कॉट पिढीच्या पेंटियम-४ ची (२००४) उष्णता-मर्यादा सुमारे ९० ते १०० वॅट होती. असे दहा संगणक पूर्ण भारावर चालल्यास केवळ प्रक्रियकांसाठीच सुमारे एक किलोवॅट लागे. तेवढा भार पेलणाऱ्या बॅटऱ्यांचा खर्च दरपत्रकात दिसत नसे.

उलट २००८ च्या ॲटम २३० ची मर्यादा अवघी ४ वॅट होती. मात्र त्याच्या मंडलफलकावरील ९४५जीसी या साहाय्यक संचाचीच २२ वॅट! शिवाय ॲटम आज्ञा क्रमानेच पार पाडी, त्यामुळे तेवढ्याच वारंवारतेच्या अन्य प्रक्रियकांहून तो बराच मंद असे. टंकलेखनास तो पुरे, चलच्चित्रास अपुरा.