हातात चेंडू, पोटात बाळ

बास्केट म्हणजे टोपली. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि बास्केटबॉल सुरू झाला. टोपलीचं बूड शाबूत होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा! बायकांनी हा खेळ लगेच उचलला. १८९३ मध्ये जवळच्याच स्मिथ कॉलेजात मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत येऊ दिलं नव्हतं. पण खेळून बाईच्या हातात पगार पडणं ही फार पुढची गोष्ट. तीच आज सांगतो.

मिसिसिपी राज्यातलं मिंटर सिटी हे खेडं. तिथे एका काळ्या शेतकरी कुटुंबात १९५५ साली लुसिया हॅरिस जन्मली. अकरा भावंडांत दहावी. घरचे कापूस वेचायचे, तीही वेचायची. रात्री सगळे झोपले की टीव्हीवर गोधडी पांघरून ती आत बसून सामने बघायची, आईला उजेड दिसू नये म्हणून. उंची सव्वासहा फूट. तिच्या कॉलेजने १९७५ पासून लागोपाठ तीन वर्षं देशातलं अजिंक्यपद मिळवलं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल पहिल्यांदाच आला आणि त्यातला पहिला गोल लुसियाचा.

पुढच्या वर्षी आक्रीत घडलं. तिकडे पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये, एनबीएमध्ये, दरवर्षी संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९७७ मध्ये न्यू ऑर्लीन्स जॅझ या संघाने सातव्या फेरीत नाव पुकारलं ते लुसियाचं. लुसिया गेली नाही. तिला दिवस गेले होते. शिवाय हा सगळा गाजावाजा आहे, असंही तिला वाटत होतं. संधी दवडली, असं कुणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. कॉलेज संपल्यावर पुरुषाला पगारी लीग होती, तिच्यासाठी त्या वर्षी एकही नव्हती.

बायकांची पगारी लीग १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाली. लुसिया तिच्यात ह्यूस्टनकडून थोडा काळ खेळली, मग शिक्षिका झाली. लीगची अवस्था मात्र बिकट. संघांकडे पैसे नाहीत, पगार थकलेले. मार्च १९८१ मध्ये शिकागोला सामना ठरला होता. मिनेसोटाच्या मुली मैदानावर आल्या आणि सामना सुरू व्हायच्या आत सगळ्या मिळून निघून गेल्या. थकलेली मजुरी मागायला एकटी गेली तर काय ऐकावं लागतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्याच वर्षी ती लीग बंद पडली.

आजची लीग, डब्ल्यूएनबीए, २१ जून १९९७ ला सुरू झाली. तिने करार केलेली पहिली खेळाडू शेरिल स्वूप्स, आणि ती तेव्हा गरोदर होती. चार दिवसांनी तिला मुलगा झाला आणि साधारण दीड महिन्यात ती मैदानावर! ह्यूस्टनचा तिचा संघ त्या वर्षी जिंकला, पुढची तीन वर्षंही जिंकला. शेरिलचं कौतुक आहेच, पण दीड महिन्यात कामाला लागणं हा बाळंतिणीसाठी नियम होऊ नये.

तो प्रश्न खेळाडूंच्या संघटनेने लावून धरला. २०२० च्या करारात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळाला. मूल सांभाळण्यासाठी वर्षाला पाच हजार डॉलर आणि लेकुरवाळीला दोन बेडरूमचं घर, हेही लेखी आलं. म्हणजे लुसियाचं नाव पुकारलं गेल्यावर त्रेचाळीस वर्षांनी.

लुसिया जानेवारी २०२२ मध्ये गेली. दोन महिन्यांनी तिच्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. तो इंग्रजीत आहे, बावीस मिनिटांचाच, मोबाइलवर दिसतो. गटाच्या बैठकीत लावा. कुणाची तरी कॉलेजातली लेक मध्ये मध्ये थांबवून अर्थ सांगेल.