डायव्हर्टर व्हॉल्व्ह : पोर्शे ९११ टर्बो (९९६)

टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल एंजिनात थ्रॉटल एकाएकी मिटल्यावर कोंडलेल्या हवेला वाट करून देणारी झडप. ही हवा कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे परत नेली तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि बाहेर सोडून दिली तर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, अशी नावांची वाटणी बहुतेकांना मान्य आहे. विक्रेते ती पाळतातच असे नाही. ‘पॉप-ऑफ’ हे तिसरे नाव मात्र टाळावे. फॉर्म्युला वनमध्ये १९८७ साली दाब ४ बारवर आणि १९८८ साली २.५ बारवर रोखण्यासाठी सक्तीने बसवलेली पॉप-ऑफ झडप केवळ कमाल मर्यादा राखी. चालकाने पाय उचलला की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

वाहन : ९९६ पिढीची ९११ टर्बो २००० ते २००५ या काळात विकली गेली. ३.६ लिटरचे, सहा आडव्या सिलिंडरांचे एंजिन. हान्स मेट्झगर यांच्या परंपरेतले आणि १९९८ ची ल मां शर्यत जिंकणाऱ्या जीटी-१ शी नाते सांगणारे. दोन के-१६ टर्बो, ४२० पीएस, ५६० न्यूटन-मीटर. एक्स-५० पॅकेजमध्ये के-२४ टर्बो आणि ४५० पीएस.

कार्य : प्रत्येक टर्बोला स्वतंत्र इंटरकूलर व स्वतंत्र डायव्हर्टर झडप असते, पुढे दोन्ही बाजूंच्या नळ्या एकत्र येऊन एकाच थ्रॉटलला मिळतात. झडपेच्या आत रबरी पडद्याला (डायफ्रॅम) जोडलेली बैठक आणि तिच्यावर स्प्रिंग. पडद्यावरच्या कप्प्याला एका बारीक होजमधून इनटेक मॅनिफोल्डचा दाब पोचतो. भर वेगात खाली व वर जवळपास सारखाच दाब असल्याने झडप मिटवून धरायला हलकी स्प्रिंग पुरते. पाय उचलला की थ्रॉटलमागे निर्वात तयार होतो, वरून ओढ आणि खालून रेटा मिळून झडप उघडते. ती नसती तर हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांवरच उलटली असती. याला सर्ज म्हणतात. त्यात चाकाचा वेग पडतो, थ्रस्ट बेअरिंगवर धक्के बसतात आणि गिअर बदलून पुन्हा पाय दिल्यावर बूस्ट यायला उशीर लागतो.

बिघाड व चाचणी : मूळ झडप बॉशची, प्लास्टिकच्या अंगाची. तिचा कच्चा दुवा म्हणजे पडदा. एंजिनची उष्णता आणि क्रँककेसमधून हवेबरोबर येणारी तेलाची वाफ यांनी रबर कडक होते आणि घडीवर चिरते. चीर पडल्यावर वरच्या कप्प्यातला दाब टिकत नाही, खालच्या रेट्याला एकटी स्प्रिंग उरते. हा रेटा किती, याचा हिशोब सोपा आहे : २५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर ०.८ बार दाब म्हणजे सुमारे ४ किलोचा भार. ट्यूनिंग करून दाब १.४ बारवर नेला, तर तोच ७ किलोच्या घरात जातो.

गळती लहान असेल तर चालकाला ती जाणवतेच असे नाही. गळणारी हवा हवामापकाच्या पुढच्या वाटेतच फिरत राहते, त्यामुळे इंधनाचे प्रमाण फारसे बिघडत नाही. कंट्रोल युनिट मागितलेला दाब गाठण्यासाठी वेस्टगेट (टर्बोला टाळून एक्झॉस्टला वाट देणारी झडप) अधिक वेळ मिटून धरते. टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते, आणि सगळे ठीक चालल्यासारखे दिसते. चीर वाढल्यावर मात्र वरच्या फेऱ्यांवर दम कमी पडतो. एंजिन आयडलला असताना चिरलेल्या पडद्यातून थ्रॉटलला वळसा घालून हवा आत शिरते आणि फेरे डळमळतात. दोन्ही बाजू पुढे एकत्र येत असल्याने एकच झडप गेली तरी दाब दोन्हींकडून निसटतो. म्हणून त्या जोडीने बदलण्याचा प्रघात आहे.

तपासणीला उपकरण लागत नाही. झडप काढून खालच्या तोंडातून बोटाने बैठक वर दाबावी, बारीक नळीचे तोंड अंगठ्याने बंद करावे आणि बोट काढून घ्यावे. बैठक वरच थांबली तर पडदा शाबूत. लगेच खाली आली तर चिरलेला. हातपंपाने निर्वात देऊन काटा स्थिर राहतो का पाहणे अधिक भरवशाचे. अशी तपासणी न करताच झडप बदलणारे पुष्कळ. त्यांना नंतर जाणवणारा फरक नव्या झडपेचा की जुनी चिरलेली निघून गेल्याचा, हे मग सांगता येत नाही.

सुधारित झडपा : पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय बॉशचीच मजबूत आवृत्ती. फोक्सवॅगन गटाच्या सुट्या भागांच्या यादीत ती ०६ए १४५ ७१० एन या क्रमांकाने येते आणि तिला सर्वत्र ‘७१० एन’ म्हणतात. याच क्रमांकाला ए, सी, डी, एफ अशी अक्षरे लागलेल्या आधीच्या आवृत्त्या १.८ लिटर टर्बो एंजिनांवर आढळतात. बाहेरून त्या इतक्या सारख्या दिसतात की अक्षर वाचल्याशिवाय ओळखू नये. पोर्शेवरची झडप याच घराण्यातली.

दुसरा पर्याय धातूचा. इंग्लंडमधील ग्लॉस्टरच्या फोर्ज मोटरस्पोर्टसारखे निर्माते पडद्याऐवजी ॲल्युमिनियमच्या अंगात ओ-रिंग लावलेला पिस्टन वापरतात. तो चिरत नाही, पण पडद्यापेक्षा जड असतो आणि त्याला ठरावीक काळाने उघडून, पुसून, ग्रीस लावावे लागते. देखभालीत हयगय झाली की तो अडकतो, आणि उघडा अडकलेला पिस्टन चिरलेल्या पडद्याहून बरा म्हणता येत नाही. स्प्रिंगची निवड दाबापेक्षा आयडलच्या निर्वातावरून करावी. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग अर्धवट पाय उचलल्यावर झडप उघडूच देत नाही आणि सर्ज परत येतो. दाब मूळ पातळीवरच असेल तर धातूच्या झडपेची गरज काय, हा प्रश्न वाजवी आहे.

शक्तिवाढीचे दावे जाहिरातींत आढळतात. झडप हवा निर्माण करत नाही. गळत होती तेवढीच वाचवते.

जोडणीची दिशा : दाबाची नळी झडपेच्या खालच्या तोंडाला लावावी की बाजूच्या, यावर मतभेद आहेत. बाजूने लावल्यास बैठकीवर थेट रेटा येत नाही आणि झडप जास्त दाब धरते, असे एक मत. त्याने उघडणे मंदावते, असे दुसरे. मूळ मांडणीतून हलवण्याचे सबळ कारण या गाडीपुरते दिसत नाही.

हवा बाहेर सोडणे : ९९६ टर्बोत हवामापक टर्बोच्या आधी असतो. मोजलेली हवा बाहेर गेली तरी तिच्या वाट्याचे इंधन पडतेच. मिश्रण गडद होते, सायलेन्सरमधून फटके येतात, कधी सिग्नलला एंजिन बंद पडते.

आवाज : हवा सुटतानाचा आवाज हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

विद्युत झडपा : फोक्सवॅगन गटाच्या २.० लिटर टीएफएसआय एंजिनांत झडप टर्बोच्या अंगावरच आली आणि सोलेनॉइडने चालू लागली. तेथेही पडदाच फाटे. ०६एफ १४५ ७१० सी ही पडद्याची आवृत्ती जाऊन डी ही पिस्टनची आली. ऑस्ट्रेलियाच्या जीएफबीची डीव्ही-प्लस मूळ सोलेनॉइड ठेवून फक्त पुढचा भाग बदलते.

कायदा : कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीचे असे भाग बदलायला हवा-मंडळाची मान्यता लागते.

भारत : ‘७१०’ घराण्याची झडप असलेले १.८ लिटर टर्बो एंजिन २००४ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमधून येथे परिचित झाले. १५० पीएसची ही गाडी औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जुळवली जाई.