उपचारांनी घराची वाट धरली तेव्हा

१/ दुसरे महायुद्ध सुरू असताना, १९४४ साली, अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. १९७४ साली खडकीत मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आले. दोन्हींमागे एकच गृहीतक होते : ज्याला उपचार हवेत, त्याने केंद्रात यावे.

२/ सेरेब्रल पाल्सीपुढे हे गृहीतक अपुरे पडते. विकसित होणाऱ्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मावेळी किंवा अगदी बालवयात इजा होते. ही इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र वाढते, आणि हाडांच्या वाढीबरोबर ताठर स्नायू आखडत जातात. म्हणून सरावाला ‘शेवटचा दिवस’ नसतो.

३/ १८६१ साली लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल यांनी या अवस्थेचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. मुलाला घरी कसे उचलावे, बसवावे, भरवावे, हे पालकांना शिकवणारे नॅन्सी फिनी यांचे पुस्तक मात्र १९६८ साली आले. मधली शंभर वर्षे घराकडे पाहायलाच लागली!

४/ महाराष्ट्रात १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांच्या कन्या मालिनी यांना सेरेब्रल पाल्सी होती. एका आईच्या गरजेतून संस्था घडली. पण संस्थेपर्यंत पोहोचणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नव्हते.

५/ अंतर मिटवण्याचे साधन पुण्याजवळ होते. १९८८ साली येथे सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवला. याच संस्थेच्या मोहाली केंद्राने पुढे ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यक सेवा उभारली.

६/ २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली. पण ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती. रोजचा सराव घडवणारा फिजिओथेरपिस्ट त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. त्याच्या व्यवसायाला केंद्रीय कायद्याची चौकट मिळाली ती २०२१ साली.

७/ दूर-पुनर्वसनाची रचना करताना पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नसतो, वेळेचा असतो. एका खोलीच्या घरात मूल जमिनीवर, आईचा एक हात त्याच्या कमरेला; मग फोन धरणार कोण? म्हणून आधी चित्रित केलेला छोटा व्हिडिओ, मराठीतील सूचना आणि तज्ज्ञाने सवडीने पाहून दिलेला अभिप्राय अनेकदा थेट कॉलपेक्षा सोयीचा ठरतो.

८/ दुसरा प्रश्न ध्येयाचा. ऑस्ट्रेलियात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६ मुलांच्या चाचणीत कुटुंबाने ठरवलेल्या ध्येयांवर ८ आठवडे घरी सराव झाला आणि मुलांची कार्यक्षमता सुधारली. ‘स्नायू ताणा’ याहून ‘स्वतः पेला धरता यावा’ हे ध्येय घराला समजते.

९/ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. कायद्याने मुलाची नोंद घेतली. त्याच्यासोबत रोज राबणाऱ्या आईच्या तासांकडे मात्र सहसा दुर्लक्षच होते. उपचार घरी नेताना रुग्णालयाचे काम निमूटपणे तिच्या माथी मारले, तर अंतर मिटले असे म्हणता येणार नाही. ओझे तेवढे एका दारातून दुसऱ्या दारात गेले.