गोळ्या-चॉकलेटांच्या रंगांचा बिछाना : बाळाच्या पलंगात काय असावे, काय नसावे

बाळाच्या आगमनाची तयारी करताना शहरांतील अनेक घरांत आता पाळण्याच्या जोडीने कठड्यांचा छोटा पलंग, म्हणजेच ‘क्रिब’, दिसू लागला आहे. त्यासाठी मिळणाऱ्या बिछान्यांत गोळ्या-चॉकलेटांवर बेतलेली रंगसंगती विशेष लक्ष वेधून घेते. पेपरमिंटचे लाल-पांढरे पट्टे, लिमलेटच्या गोळ्यांचा नारिंगी-पिवळा, ‘म्हातारीच्या केसां’चा फिकट गुलाबी असे रंग त्यात योजलेले असतात. चादर, रजई, उशी, कठड्यांना आतून बांधायच्या मऊ पट्ट्या म्हणजे ‘बम्पर’ आणि पलंगाखालची झालर, असा हा संच असतो. दिसायला तो मोहक असला, तरी त्यातील सर्वच वस्तू झोपलेल्या बाळाजवळ ठेवण्याजोग्या नाहीत.

मऊपणातील धोका

मऊ वस्तूत तोंड रुतले, तर लहान बाळाला मान वळवून ते सोडवता येत नाही. नाकापाशी कापूस किंवा पांघरूण आल्यास सोडलेलाच श्वास पुन्हा आत घेतला जातो आणि प्राणवायू कमी पडतो. बाळांना पालथे झोपवू नये, असे ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ मध्ये सांगितले. १९९४ मध्ये बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम अमेरिकाभर सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत तेथील अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. बम्पर वापरू नयेत, असा सल्ला याच संस्थेने २०११ मध्ये दिला. अखेर २०२२ च्या कायद्याने अमेरिकेत गादीदार बम्परच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडील ऑनलाइन बाजारात मात्र बम्पर असलेले संच आजही विकले जातात.

पलंगात सपाट, टणक गादी आणि तिच्यावर घट्ट बसणारी चादर एवढेच असावे. गादी व कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा अधिक फट नको. कठड्याच्या गजांमधील अंतर सुमारे सहा सेंटिमीटरहून जास्त नसावे. पहिल्या वर्षी रजई, उशी व कापडी खेळणी झोपेच्या वेळी दूर ठेवावीत. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही याला अपवाद नाही. थंडी असेल तर पांघरुणाऐवजी अंगभर कपडे घालावेत. कोकण-गोव्याच्या दमट हवेत बाळाला उकडणार नाही, याचीही काळजी हवी. मच्छरदाणी लावल्यास ती ताणलेली असावी. तिची घडी बाळाच्या तोंडावर येता कामा नये.

रंग आणि कापड

नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते आणि ठळक विरोधी छटा आधी ओळखू येतात. फिकट गुलाबी व पिस्ता रंगांचे पहिल्या आठवड्यांतले कौतुक त्यामुळे मुख्यतः घरच्यांचेच असते. पुढील काही महिन्यांत बाळाची रंगांची समज वाढत जाते.

कापड सुती व मऊ असावे. नवी चादर वापरण्यापूर्वी धुऊन घ्यावी. पाण्यात रंग उतरत राहिला, तर ती बाळासाठी वापरू नये. शरीराला घातक ठरलेल्या काही ॲझो रंगांवर भारतात १९९० च्या दशकातच बंदी आली. मण्यांची, टिकल्यांची किंवा लोंबत्या नाड्यांची सजावट टाळणेच बरे, कारण सुटलेला मणी बाळाच्या तोंडात जाऊ शकतो.

हौस कोठे करावी

रंगीत पट्ट्यांची चादर, पडदे, भिंतीवरील चित्रे आणि खोलीतील सतरंजी यांतून ही रंगसंगती निर्धोकपणे साधता येते. वर टांगलेले चिमणाळे बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच हवे. बाळ हात-गुडघ्यांवर उठू लागले की ते काढून टाकावे. बारशाला आलेली रंगीबेरंगी दुपटी आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी यांनाही घरात जागा आहे. बाळ जागे असताना, मोठ्यांच्या नजरेसमोर, जमिनीवर गोधडी अंथरून त्याला पालथे खेळवता येते. झोपेची वेळ झाली की मात्र बाळाला त्याच्या मोकळ्या पलंगावर उताणे निजवावे.