संगणकाची भूपाळी

देवाला रोज पहाटे भूपाळी म्हणून उठवावं लागतं, हे मला लहानपणी फार चमत्कारिक वाटायचं. अख्खं विश्व चालवणाऱ्याला उठवायला माणूस कशाला लागतो? पुढे बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि शंका फिटली. आमची शाखाही आपण होऊन जागी होत नाही. शिपाई शटर वर करतो, दिवे-पंखे लावून पाहतो, खुर्च्या जागेवर आहेत ना बघतो. मग हेड कॅशियर आणि मॅनेजर आपापली किल्ली घेऊन तिजोरीपुढे उभे राहतात. एक किल्ली वेळेवर आली नाही, तर आत लाखो रुपये असूनही बाहेरच्या रांगेच्या दृष्टीने बँकेचं दिवाळं निघालेलं असतं.

घरचा संगणक सुरू न होणं ही याच जातीची आपत्ती आहे. ऐवज बहुतेक वेळा आतच असतो. किल्लीवाले आलेले नसतात.

संगणक सुरू करण्याला इंग्रज 'बूट करणे' म्हणतो. आमचे एक शेजारी याचा अर्थ शब्दशः घेऊन यंत्राला पायाने समज देतात, पण मूळ कल्पना वेगळी आहे: आपल्याच बुटाच्या मागचा पट्टा धरून स्वतःला जमिनीवरून उचलणे. आपल्याकडच्या तर्कशास्त्र्यांनी अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून नटाचा पोऱ्या निवडला होता. कितीही तयारीचा असला तरी स्वतःच्या खांद्यावर त्याला चढता येत नाही. संगणकाला रोज तेच करायचं असतं. काहीही करायला त्याला आज्ञावली लागते. आज्ञावली डिस्कवर असते. आणि डिस्कवरून ती वाचायची कशी, हे सांगायलाही आज्ञावलीच लागते. आता बोला!

सुरुवातीला हा पेच माणसाने सोडवला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याचं बारसं पंडित नेहरूंनी १९६२ साली केलं. यंत्र खोलीभर, स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. कामाचा मजकूर कागदी फितीला भोकं पाडून भरवायचा. थोडक्यात, पुजारी हजर असल्याशिवाय देव उठत नसे.

१९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचा, हौशी माणसाने घरी जोडण्याजोगा संगणक निघाला. वीज गेली की तो सगळं विसरायचा. मग समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून वीसेक आकडे एकेक करून भरायचे, तेव्हा कुठे त्याला फीत वाचता येई. हे यंत्र २००० नंतरच्या दशकात आमच्या रावेरात असतं, तर भारनियमनात त्याचा एकोणिसावा आकडा कुणी पाहिला नसता. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते आणि रावेरात तिची वाट पाहिली जाते, ही आमची जुनी श्रमविभागणी आहे.

त्याच वर्षी बिल गेट्स यांचे भागीदार पॉल अॅलन त्या यंत्रासाठी तयार केलेली बेसिक भाषा फितीवर घेऊन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायला लागलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की फीत आत ओढून घेणारी भूपाळीच लिहायची राहिली! ती त्यांनी बसल्या जागी कागदावर लिहून काढली. पुढचा मायक्रोसॉफ्टचा सगळा संसार त्या कागदाचं देणं लागतो.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तो आपली भूपाळी पोटात कायमची कोरून घेऊन. तिचं नाव बायॉस. हा आपला शिपाई. वीज आली की तो स्मृती, कळफलक, पडदा तपासतो आणि काही खटकलं तर शिट्ट्या मारतो. सगळं ठीक असेल तर डिस्कचं पहिलं पान उघडतो. १९८३ साली हार्ड डिस्कवाल्या पीसी एक्सटीबरोबर त्या पानाची मांडणी ठरली. (आमच्या बँकांत यंत्र येऊ द्यावं की नाही, याचा संघटनांशी करारही १९८३ चाच. आम्हीही तेव्हाच बूट होत होतो.) पान ५१२ बाइटचं. ४४६ बाइट आज्ञांचे, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीचे आणि शेवटचे दोन बाइट सहीचे. बेरीज करून पाहा, जुळते. सही जुळली नाही की बायॉस चेक परत करतो. खात्यात शिल्लक किती आहे, हे तो विचारतसुद्धा नाही.

आमच्या घरचा २००७ सालचा संगणक गेल्या वैशाखात याच पायरीवर अडला. पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २००२. ज्याला दाखवायला नेला त्या पोराने झाकण काढलं, तीन व्होल्टचा बटणाएवढा सेल बदलला आणि म्हणाला, "काका, घड्याळ या सेलवर चालतं. सेल मेला की हे आपल्या जन्माआधीच्या तारखेला जातं." २००२ साली आमचे आप्पा हयात होते. निवृत्तीनंतर दोन बोटांनी त्यांनी तीस वर्षांच्या केळीचा हिशेब याच डबड्यात टाइप केला होता. कोणत्या साली खोडं किती, भाव काय लागला, वादळात बाग किती आडवी झाली, कोणत्या गड्याच्या मुलीच्या लग्नाला काय दिलं. दुसरी प्रत काढायला त्यांचा तात्त्विक विरोध होता. चोपडीला कुणी चोपडी ठेवतं का?

सेल बदलला, स्मृतीच्या पट्टीचे पाय खोडरबराने घासले (हा उपचार जगात सगळीकडे चालतो), तरी सही जुळेना. पहिलं पानच बिघडलेलं. या पानावर पूर्वीपासून डोळा आहे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी केलेला ब्रेन हा विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या याच पहिल्या पानात जाऊन बसे आणि आत भावांचा पत्ता व फोन नंबरही असे. इतका सभ्य दरोडेखोर पुढे झाला नाही.

पोरगा शहाणा होता. त्याने डिस्क काढून आपल्या यंत्राला दुय्यम म्हणून जोडली आणि आधी तिची जशीच्या तशी नक्कल केली. मूळ कागदावर खाडाखोड करायची नाही, हा धडा मला बँकेत मेमो खाऊन मिळाला होता. याला कुणी दिला कोण जाणे. मग नक्कल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळून वाटणीच्या खुणा शोधल्या. अनुक्रमणिका फाटली म्हणून लेजर कोरं होत नाही. पाच तासांनी आप्पांची फाइल उघडली. वर 'श्री' होता आणि बेरजेत दोन चुका होत्या. आम्ही त्या तशाच ठेवल्या आहेत.

भूपाळीची गरज संपली, असं मात्र समजू नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर अडकवली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पुष्कळ यंत्रांपाशी माणसाला स्वतः जाऊन ती फाइल काढून टाकावी लागली, आणि जिथे डिस्कला कुलूप होतं तिथे आधी ४८ आकडी किल्ली टाइप करावी लागली. आमच्या हेड कॅशियरना मी हे सांगितलं. ते कमरेची किल्ली चाचपत म्हणाले, "अठ्ठेचाळीस? आणि मॅनेजरची वेगळी?"